खुर्चीखालचे ब्रॅकेट

"उडणाऱ्या वस्तूला ‘चालतंय’ चालत नाही," असं म्हणत आमचे साहेब ब्रॅकेटच्या कडेवरून अंगठा फिरवायचे. अंगठा कुठे अडला, की तो ब्रॅकेट करवतीखाली गेलाच म्हणून समजा. आपल्याकडे, तुम्हाला ठाऊकच आहे, फुटकी बादलीसुद्धा कुणी फेकत नाही, तिच्यात तुळस लावतात. तिथे नवाकोरा तुकडा कापणं आम्हाला पाप वाटायचं.

साहेब मूळचे धारूरकडचे. विमानं बनवणाऱ्या एका बड्या परदेशी कंपनीत खरेदीचे अधिकारी होते. ते सोडून त्यांनी पाटोद्याच्या रस्त्यावर छोटं वर्कशॉप टाकलं. विमानातल्या खुर्चीखाली बसणारे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट आम्ही बनवायचो. मी माल तपासून बांधायचे, मशीनवर मंगलअक्का. अक्का आणि तिचा नवरा दरसाल ऊसतोडीला जायचे. वर्कशॉपमध्ये लागल्यापासून अक्काने कोयता आढ्याला खोचून ठेवला होता. पोरगी एकाच शाळेत टिकली, याचंच तिला अप्रूप.

एकदा अक्काने विचारलं, "एवढासा ओरखडा, साहेब. खुर्चीखाली कोण बघतंय?"

"कुणी बघत न्हाई, अक्का. म्हणून तर आपण बघायचं."

"मग मला द्या. घरी फळीला टेकू होईल."

"आणि उद्या भंगारात गेला, कुणी चांगला म्हणून विकला, विमानात जाऊन बसला तर?" म्हणत त्यांनी तिच्यासमोरच त्याचे दोन तुकडे केले. पुढे कितीतरी दिवस अक्का त्यांच्याशी तुटक बोलत होती, आणि साहेब तिच्या मशीनला उगाचच तेल घालत फिरत होते.

चहाला बसले की धंद्याचं सांगायचे. "मोठी विमानं बनवणारे जगात जवळजवळ दोघंच. बाकी आपण समदे त्यांच्या तोंडाकडं बघणारे. मी तिकडं असताना एका ओळीच्या निरोपात कुणाचीबी ऑर्डर काढून घ्यायचो. पुढं कोण बसलंय, ते तिथून दिसत न्हाई."

मग विमानवाल्यांकडून आम्हालाही तसाच निरोप आला. खुर्चीची रचना बदलली आहे. तयार माल कापून टाका, फोटो पाठवा. पुढची ऑर्डर नाही.

साहेबांनी जिथे जिथे ओळख होती तिथे फोन लावले. जुने सहकारी गोड बोलले, तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवून दिले. दुसरं काम मिळवायचं तर नव्याने तपासण्या, परवानग्या. त्यात वर्षं जातात. तोवर आम्हाला कशावर थांबवणार? मला साहेबांचा फार राग आला होता, आणि तो काढायलाही जागा नव्हती, कारण दोष त्यांचा नव्हताच.

माल कापायला ते एकटेच बसले. थोड्या वेळाने अक्का म्हणाली, "सरका साहेब, माझ्या हातचा माल मीच कापते," आणि स्वतः करवतीवर उभी राहिली. तिच्याच हातचे निर्दोष ब्रॅकेट. मी फोटो काढले.

उसाचा हंगाम लागला. अक्काला निरोप द्यायला मी फाट्यावर गेले, तेव्हा टोळीचा ट्रक भरत होता आणि साहेबही आले होते.

"पोरगी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"संगं चाललीय. ठेवू कुणापाशी?" अक्का म्हणाली.

साहेबांनी तिचं अंथरुणाचं गाठोडं उचलून ट्रकमध्ये टाकलं. ड्रायव्हरला वाटलं, टोळीतलाच कुणी म्हातारा.

"मागं सरकव बे ते, बायांना बसायला जागा कर."

साहेबांनी गाठोडं मागे सरकवलं.