सौ. कलावती आणि श्री. केदार

दुर्गा, कलावती, केदार आणि ललित हे राग आहेत, गायक नव्हेत, हे मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तेही त्या सगळ्यांना कु., सौ. आणि श्री. लावून झाल्यावर. आता नातवंडं हा किस्सा पाहुण्यांना सांगतात आणि मी उगाच पाणी आणायला उठते. पण तेव्हा माझा कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स नुकताच झाला होता. हडपसरच्या आमच्या सोसायटीत आयटीतली पोरं खच्चून भरलेली, आणि आपणही त्यातल्याच, असा माझा ठाम समज होता.

हा पराक्रम मी केला तो वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर. त्यांच्याइतका नीटनेटका माणूस पुण्यात झाला नाही, आणि पुण्यात झाला नाही म्हणजे कुठेच झाला नाही. खडकीच्या एका कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळून ते निवृत्त झाले, पण फक्त कागदावर. घरातल्या डब्यांनाही नंबर होते. पत्नीनं साखर कुठे म्हणून विचारलं की हे पेपरातून मान न काढता म्हणत, "ब-पाच." रेडिओवरून आणि मैफलींत टेप केलेल्या हजारभर कॅसेटी त्यांनी वायर जोडून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या, आणि रिकामं कपाट हवं म्हणून पत्नीनं त्या रद्दीत घातल्या होत्या. एकेका गाण्यापुढे राग, ठिकाण, वेळ आणि शेरा. शेरे वाचत बसावेत असे: 'तबलजी रुसलेला', 'मध्ये आमच्या कुकरच्या दोन शिट्ट्या', 'पुढच्या रांगेतले गृहस्थ नको तिथे वाहवा करतात'. मी एकदा म्हटलं, "भावजी, एवढं सगळं कोण बघणार?" तर म्हणाले, "बघायला नाही, वहिनी. सापडायला."

ते दोघं आठ दिवस लेकीकडे नागपूरला गेले आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे आली. मी झाडांना पाणी घातलं आणि कॉम्प्युटर उघडला. बघते तर गायकाचा रकाना मोकळा, माणसांची नावं रागाच्या रकान्यात, आणि प्रत्येक फाइलच्या नावाला 'म-३', 'त-७' असली शेपटं. मी शेपटं छाटली, नावं उचलून गायकाच्या रकान्यात नेली, आणि मोठ्या माणसांना एकेरी कसं ठेवायचं म्हणून मान दिला. ती शेपटं म्हणजे गायकांच्या खुणा होत्या, आणि कुठली खूण कुणाची ते फक्त त्यांच्या डोक्यात. दुसरी प्रत काढून ठेवायची असते, हे तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर त्यांनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "सौ. कलावती," ते म्हणाले. "यजमान कुठे असतात यांचे?"

मी हसले. त्यांच्या पत्नी हसल्या नाहीत. जिन्यात मला गाठून म्हणाल्या, "अहो, उजवा कान गेलाय त्यांचा, डावाही चाललाय. डॉक्टर म्हणाले, मशीन लावलं की बोलणं कळेल, गाणं तसं कळायचं नाही. म्हणून तर घाई चालली होती."

आता कोण गातंय हे ठरवायला प्रत्येक गाणं पुन्हा ऐकणं आलं. मग रोज सकाळी दहाला मी वर हजर. ते डावा कान स्पीकरला लावून बसत, मी टाइप करायला. आधी आधी आलापातच बोट वर करून नाव सांगत. पुढे पुढे "थांबा, परत लावा" वाढलं. काही गाणी शेवटपर्यंत ऐकावी लागली, काही दोनदा. पण एकही रकाना त्यांनी अंदाजानं भरू दिला नाही. केदार कसा चालतो, हे मलाही कळायला लागलं.

सहा महिन्यांनी शेवटचं गाणं संपलं. इतके दिवस घोकून ठेवलेली माफी मी एकदाची मागितली, त्यांना ऐकू जावी म्हणून जरा मोठ्यानं. त्यांनी स्पीकर बंद केला, वायर गुंडाळून ठेवली आणि म्हणाले, "पहिल्या वेळी मी नुसती आवक नोंदवत होतो, वहिनी. ऐकलं ते या वेळी. अर्धा कप घेणार ना?"