गुडघ्यावरचा हात

माझ्या धाकट्या भावाचा उजवा पाय पोलिओनं गेला तेव्हा तो नुकता भिंतीला धरून उभा राहायला लागला होता. ताप आला, उतरला, आणि पायाचं चिपाड झालं. शेजारपाजारच्या बाया म्हणाल्या, नशिबात होतं, आता काय करणार. आमची माय असं ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. गोदावरीला आमच्याकडं गंगा म्हणतात. तिच्या काठच्या वाळूत कमरेएवढा खड्डा करून माय त्याला त्यात उभा पुरायची. तापलेल्या वाळूनं पायात जीव येतो, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पोरगं रडून रडून थकायचं, आणि ही शेजारी बसून त्याच्या डोक्यावर पदर धरायची. घरी आली की तेलानं पाय चोळायची. सुताराकडून पांगुळगाडा करून घेतला, तो मोडला तर दुसरा. वर्षाच्या लेकराला लागणारा तो गाडा माझा भाऊ शाळेच्या वयाचा होईस्तोवर ढकलत होता.

शेवटी तो चालला. पण चालताना वाकून उजवा हात गुडघ्यावर दाबायचा. पोलिओचे बरेच जण असेच चालतात, कारण गुडघा आपला आपण ताठ राहत नाही, त्याला हातानं रेटावं लागतं. मायला ते खपायचं नाही. "हात काढ. लोकं लंगडा म्हणतील," म्हणायची आणि हातावर चापट द्यायची. त्या चापटांनी त्याचा हात सुटला. कमरेतून पाय फेकायचा, पंजा बाहेर वळवायचा आणि टाच आपटत पुढं जायचं, हे त्याचं त्यानं जमवलं. बघणाऱ्याला वाटावं, पायात काटा मोडलाय. मायला त्याचा केवढा तोरा. "माझं लेकरू हात न लावता चालतंय," हे वस्तीतल्या प्रत्येक बाईनं तिच्या तोंडून ऐकलेलं होतं.

तो बारावी झाला आणि खरा प्रश्न पुढं आला. आमचं बौद्ध वस्तीतलं घर, जमिनीचा तुकडा नाही, बाप दुसऱ्याच्या शेतात सालगडी. भावाचा पाय ढेकळांत टिकत नव्हता, म्हणजे मजुरीही नाही. मास्तर होणं हा एकच रस्ता होता. डी.एड.च्या यादीत त्याचे मार्क थोडक्यात मागं पडत होते, पण अपंगांसाठी वेगळी जागा होती. त्या जागेला अपंगाचं ओळखपत्र लागत होतं, आणि ते जिल्ह्याच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी तपासल्यावर मिळायचं. बापाला बाजाराच्या गावाच्या, सोनपेठच्या, पुढं एकट्यानं जायची भीती, म्हणून त्यानं मला सोबत धाडलं. मी सातवी शिकलेली, तोंडानं फटकळ. बाप म्हणाला, "हिला जाऊ द्या. निदान भांडंल तरी."

तपासणी फक्त बुधवारी. पहिल्या बुधवारी कळलं की फोटो लागतात. दुसऱ्या वेळी फोटो होते, पण आमचा नंबर यायच्या आत डॉक्टर उठले. मग ते रजेवर गेले. पहाटेची एसटी धरायची, दिवसभर व्हरांड्यात फरशीवर बसायचं, संध्याकाळी परत यायचं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, असं म्हणतात ते उगाच नाही. मी मनातल्या मनात त्या व्हरांड्याला इतक्या शिव्या दिल्यात की आता आठवल्या तरी तोंड विटतं.

एकदाचा नंबर लागला. त्या दिवशी मायनं तांब्यात निखारे घालून त्याच्या पँटीला इस्त्री केली होती. निघताना बजावलं होतं, "साहेबापुढं नीट चाल. मान खाली घालू नको."

डॉक्टर म्हणाले, "चालून दाखव." भाऊ उठला आणि दारापासून खिडकीपर्यंत गेला, जन्मात चालला नसेल इतका ताठ. ओठ आवळलेले, हात अंगापासून लांब. बाहेर ही मोठी गर्दी होती. डॉक्टरांनी पायाला ओझरता हात लावला, काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "छान चालतोस की." बाहेर आल्यावर कारकुनानं सांगितलं, चाळीस टक्के अपंगत्व लागतं, तुमचं कमी भरलं, परत तपासायचं तर सहा महिन्यांनी या. मी म्हणाले, "म्हणजे पाय पुरता तुटल्यावर यायचं का, साहेब?" तो म्हणाला, "बाई, मी पाय बघत नाही, मी कागद बघतो."

घरी पोचलो तर माय उंबऱ्यात उभी. "काय म्हणला डाक्टर?"

भाऊ म्हणाला, "छान चालतोस म्हणला."

मायचं तोंड असं फुललं की पुढचं सांगायचं माझ्या जिवावर आलं. सांगितलं. माय म्हणाली, "चांगला चालतोय म्हणून न्हाई दिलं?" मी हो म्हणाले. त्या सालची डी.एड.ची जागा गेली.

सहा महिने भरले आणि संक्रांत आली. गावाला नको असलेलं विद्यापीठाचं नामांतर झालं. वस्तीत आम्ही पणत्या लावल्या, आणि गावानं आमच्याशी बोलणं टाकलं. दंगलीच्या भीतीनं एसटी बंद झाली. सुरू झाली तरी बाप आम्हाला घराबाहेर पडू देईना. त्या पणत्यांचा आनंद मला आजही आहे, पण भावाचे बुधवार एकेक करून जात होते.

उन्हाळ्यात पुन्हा नंबर लागला. या खेपेला मायही आमच्यासोबत निघाली. इस्त्री केली नाही.

"चालून दाखव," डॉक्टर म्हणाले. भाऊ नेहमीसारखाच निघाला, हात लांब धरून. त्याला दुसरं येत होतं कुठं?

"हात लाव," माय म्हणाली.

तो थांबला.

"गुडघ्याला हात लाव, लेकरा."

त्यानं हात खाली नेला, पण अधांतरीच ठेवला. नजर मायच्या हाताकडं. एवढा मिशी फुटलेला पोरगा, पण चापट बसंल की काय म्हणून बघत होता. माय भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग तो वाकला, गुडघ्यावर हात रेटला आणि चालला. डॉक्टरांनी त्याला टेबलावर निजवून, टेप लावून नीट तपासलं. "मागच्या वेळी असा का चालला नाहीस?" त्यांनी विचारलं.

कार्ड हातात यायला आणखी महिना गेला. त्या जागेवर त्याचा नंबर लागला, तो मास्तर झाला, हे सगळं खरं. पण मला त्या दुपारचं सांगायचंय. दवाखान्यातून आम्ही स्टँडकडं निघालो. उन्हाचा रस्ता, भाऊ तसाच वाकून, हात गुडघ्यावर.

"झालं काम. काढ आता हात," माय म्हणाली.

"राहू दे माय. असं लय सोपं जातंय. कंबर दुखत न्हाई."

माय जागीच थांबली. "कंबर दुखायची?"

"रोजच."

"मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस?"

"तुझं तोंड उतरलं असतं," तो म्हणाला.

माय तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन बसली. मी उठवायला गेले तर माझा हात झिडकारला. ती उठेपर्यंत आमची एसटी निघून गेली होती.