मुळाचे काप आणि दोन संगणक

विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं होतं. बंदमुळं पुण्याच्या संगणकवाल्यांचं येणं दोनदा पुढं गेलं आणि मला तेवढंच बरं वाटलं.

मी माणदेशातला, सातवीत शाळा सोडून मेंढरांमागं फिरलेला. चिकलठाण्याच्या एका बियाणं कंपनीत प्रयोगशाळेच्या मॅडमनी मला ठेवून घेतलं, रोपाच्या मुळाचे कागदाहून पातळ काप काढायला शिकवलं. आता त्यांना सूक्ष्मदर्शकातून घेतलेले कापांचे फोटो एकावर एक रचून अख्खं मूळ पडद्यावर फिरवणारा संगणक हवा होता. मूळ पडद्यावरच उगवायला लागलं, तर मला कोण ठेवणार?

अखेर दोघं विक्रेते एकाच दिवशी आले. पहिल्याची पेटी देखणी, पडदा मोठा. त्यानं परागकणाचं चित्र असं गरागरा फिरवलं की मी हातातला चहा विसरलो.

मॅडम मला म्हणाल्या, "काय रे, तुमच्याकडं मेंढी घेताना रंग बघून पैसे देतात का?"

"नाय मॅडम, तोंड उघडून दात बघतात."

"मग आपणपण बघू." त्यांनी आमच्या मुळाच्या फोटोंची फ्लॉपी पुढं केली. विक्रेता घामेजला. पडद्यावर जे उभं राहिलं ते मूळ नव्हतं, कलंडलेली चपात्यांची चवड होती.

दुसऱ्याची पेटी कळकट. पण त्याच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक थर हातानं सरकवून खालच्यावर नीट बसवता येत होता. आमचा चहा झाला, गप्पा संपल्या, आणि हळूहळू मूळ उभं राहिलं. तिरकं वळलं तेव्हा आतल्या नळ्यासुद्धा दिसल्या.

"हाच प्रोग्राम घ्यायचा," मॅडम म्हणाल्या. "पेटी मात्र याहून दणकट द्या, मेमरी वाढवून. नाहीतर मी रिटायर होईन आणि मूळ अर्धंच वळलेलं असेल."

विक्रेते गेल्यावर मी धीर करून विचारलं, "मॅडम, मग माझं काय?"

मॅडम म्हणाल्या, "म्हणून तोंड सुकलंय होय तुझं? अरे, आजवर मला चार चांगले काप पुरायचे. याला ओळीनं सगळे लागतात, मधला एकही गाळून चालत नाही. काप काय तो विक्रेता काढणार आहे?"

मी ब्लेड लावायला पळालो. पुढं वर्षभर मुळं कापून मान अशी आखडली, की नोकरी गेली असती तर निदान मान तरी सरळ राहिली असती, असं मी एकदा मॅडमना म्हणालो. त्यांनी आणखी एक रोप पुढं सरकवलं.