टनोबा आणि शून्याची बाटली

तर काल आपण कुठं थांबलो होतो? माझा भाचा ट्रक मोजायच्या काट्यावर एकटाच उभा आहे, मागं खडीच्या अकरा गाड्या खोळंबल्यात, भोंगे बोंबलतायत, आणि हा पठ्ठ्या मान वाकडी करून केबिनच्या खिडकीतला लाल आकडा वाचतोय. आकडा आला नव्वद.

अहो, नाचला की तो! पंचेचाळीस वर्षांचा बाप्या त्या लोखंडी फलाटावर असा नाचला की आकडा शंभरावर जाई, ऐंशीवर येई, परत नव्वद. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "टनोबा, उतर खाली! नाहीतर तुझं वजन माझ्या खडीत धरतील!"

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जातो. विषय निघाला होता डाएट सोड्याचा. सूनबाईंनी विचारलं, वजन उतरवायचं असेल तर तो प्यावा की पिऊ नये. मी काही डॉक्टर नव्हे. पण ह्या एका प्रश्नापायी एका माणसाची झोप उडालेली मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्या आकड्याला त्याच्या बहिणीचा जीव टांगलेला होता.

टनोबा हे ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं नाव. दिवसभर टनांत बोलतो आणि अंगानंही तसाच, म्हणून टनोबा. वीस वर्षं त्या केबिनमध्ये. तीन पायऱ्या चढून जायचं, एक खिडकी, एक टेबल, पावत्या छापणारं यंत्र, आणि वारा कमी नि धूळ जास्त फिरवणारा पंखा. भरलेली गाडी आली की मोजायची, माल टाकून रिकामी आली की पुन्हा मोजायची, एका वजनातून दुसरं वजा करायचं. जगात दोनच जाती, भरलेल्या आणि रिकाम्या, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलेलं. मला कामातून सुट्टी मिळाल्यापासून मी रोज दुपारी तिथंच बसायचो. घरी पेपर वाचला तर लोक मध्येमध्ये बोलतात. तिथं मी मध्येमध्ये बोलायचो.

त्याची ताई त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. कपडे शिवते, हात असा की उसवलेलं कुठं होतं ते शोधूनही सापडू नये. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा दवाखान्यात यंत्राला जोडून घ्यायचं. आत जाताना तिचं वजन करतात, बाहेर येताना पुन्हा करतात, मधला फरक म्हणजे अंगात साठलेलं पाणी. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा टनोबानं बोटांवर वजाबाकी करून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे ताई, तू पण काट्यावरूनच येजा करतेस की."

"हो ना," ताई म्हणाली. "फक्त माझी पावती कुणी फाडत नाही."

कुणीतरी आपली एक किडनी द्यायची, हाच उपाय. नवऱ्याची जुळली नाही. घरात जुळली ती ह्याचीच. पण डॉक्टरांनी ह्याला तपासलं आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "एकशे तीन किलो. रक्तदाबही काठावर. एवढ्या अंगावर तुमची एक किडनी काढली तर उद्या तुम्हालाच यंत्र लागेल. चार महिने देतो. नव्वदच्या आत या, मगच पुढचं बोलू. नाही आलात तर ताईंचं नाव किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत जाईल, आणि ती यादी लांब आहे."

एवढंच सगळं होतं, बघा. नव्वदच्या आत.

आता हा आधी काय प्यायचा? साखरेचा काळा सोडा. दिवसाला सहा बाटल्या. दवाखान्यातल्या आहाराच्या बाईंनी हे ऐकून पेन खाली ठेवलं. ह्यानं विचारलं, "मग डाएटचा प्याला तर चालेल?" बाई म्हणाल्या, "साखरेच्यापेक्षा केव्हाही बरा. पाणी त्याहून बरं. पण तो पिऊन वजन उतरतं असं समजू नका. तो काही उतरवत नाही, फक्त चढवत नाही. आणि तो प्यायल्यावर भूक वाढते का, तेवढं लक्ष ठेवा."

ह्यानं त्यातलं 'केव्हाही बरा' एवढंच कानात ठेवलं.

सुरुवात झकास झाली. साखर बंद झाली, रात्रीचं ताट अर्ध्यावर आलं, आणि सहा-सात आठवड्यांत आठेक किलो खाली. बाटलीवर मोठं शून्य छापलेलं. ते बोटानं दाखवून मला म्हणायचा, "मामा, रिकामी गाडी. काट्यावर घ्या, काही नाही." आणि मग तो दिवस आला, खडीच्या अकरा गाड्यांसमोर नाचण्याचा.

आता खरी गंमत ऐका. ट्रकचा काटा दहा-दहा किलोनं चालतो. चौऱ्याण्णव असलं तरी नव्वदच दाखवणार. माणूस मोजायला तो काटा नाहीच. हे टनोबाला ठाऊक नव्हतं म्हणता? वीस वर्षं तोच ड्रायव्हरांना समजावत आला होता, "बाबा रे, तीन-चार किलोसाठी भांडू नकोस, ते यंत्राला दिसत नाही." पण त्या दिवशी त्यानं डोळे मिटून घेतले. खाली उतरला, धापा टाकत फोन लावला, "ताई, झालं! नव्वद! आता कितीसं राहिलंय?"

ताईनं काय केलं असेल? दुसऱ्याच दिवशी माणूस पाठवून ह्याच्या दोन पँटी मागवल्या आणि कमरेत आवळायला घेतल्या.

पुढच्या आठवड्यात दवाखान्याच्या काट्यानं सांगितलं, चौऱ्याण्णव आणि वर तीनशे ग्रॅम. परत आला तो थेट माझ्याकडं. मला म्हणाला, "मामा, ताईला सांगू नका."

तिथून जी तगमग सुरू झाली ती काय सांगू. बसला की डावा पाय हलायचा. टेबल हलायचं, पेनं घरंगळायची, पावत्यांचा गठ्ठा खाली. चालू गाडी मोजताना उठून उभा, परत खाली. मी म्हटलं, "अरे, तू हललास तर गाडीचं वजन बदलतं का?" हसला नाही. झोप नाही म्हणे. येणार कुठून? सहाच्या आठ बाटल्या झालेल्या. त्या सोड्यात चहाकॉफीसारखी तरतरी आणणारं काही असतं, ते दिवसभर अंगात भिरभिरणार. आणि आठवडाभरानं पाहतो तर पंचाण्णव. उतरायचं सोडून वर! शून्य पिऊन माणूस चढतो कसा, हे कोडं त्यालाही सुटेना, मलाही. त्याला वाटलं बाटलीवाले खोटं छापतात. दुकान बदललं, रंग बदलला, लिंबाच्या चवीचा आणला. आकडा जागचा हलेना.

आणि मग एका टळटळीत दुपारी ताई स्वतःच केबिनमध्ये आली. हातात दोन पँटी, गळ्यात टेप. तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबली.

टनोबानं तिला खिडकीतून बघितलं आणि पहिलं काम काय केलं, तर उघडी बाटली टेबलाखाली सरकवली. कारण ताईला दिवसाकाठी मोजून पाणी. पर्समध्ये एक छोटा पेला असतो तिच्या, त्याच्या रेघेपर्यंत घोट घ्यायचा आणि मग कितीही घसा कोरडा पडो, थांबायचं. तिच्यासमोर गटागटा प्यायची ह्याला लाज.

ताई बसली, दम घेतला. "काढ ती वर. मला वास येतोय."

"कसली?"

"पी रे ढोल्या, पी माझ्यासमोर. तुला बघून माझी तहान वाढत नाही. लपवलंस की वाढते."

त्यानं बाटली वर घेतली. ताईनं पँट पुढं केली. "ही घाल आधी. आत जाऊन ये."

आत म्हणजे कपाटामागं. थोडा वेळ कापडाची खसखस, मग एक लांब श्वास, मग काहीच नाही.

"काय झालं?" ताई.

"बटण लहान आहे."

"बटण तेच आहे."

"काज मग."

"काजही तेच आहे. तू नव्वद म्हणालास म्हणून मी कंबर आवळली. माझ्या टेपला दहाचे टप्पे नाहीत, तिला सगळं दिसतं."

तो बाहेर आला. एका हातानं पँट धरलेली, चेहरा शाळेत छडी खाल्लेल्या पोरासारखा. खरा आकडा त्यानं तेव्हा सांगितला. मला वाटलं आता ताई रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "आज मी इथंच बसते. माझी परतीची बस पाचला आहे."

आणि बसली. नुसती बघत राहिली. ज्या बाईला स्वतःचा घोटन्‌घोट मोजावा लागतो ना, तिची नजर फार वाईट असते हो. मी रोज तिथं बसत होतो, मला जे कधी दिसलं नाही ते तिला दोन तासांत दिसलं.

खडीची एक गाडी मोजून गेली, त्यानं बाटली उघडली. दोन घोट घेतले, आणि डावा हात आपोआप खणात गेला. बिस्किटं. दोन. गाडी आली, पावती फाडली, घोट, आणि मुठीत खारे दाणे. एका ड्रायव्हरनं पावती घेताना अर्धा केक पुढं केला, "घे टनोबा, तोंड हलव." ह्यानं घेतला, पुन्हा घोट. बाटली संपली, दुसरी उघडली, पुन्हा हात खणात.

"ते काय होतं?" ताईनं विचारलं.

"काय?"

"खणातलं."

"ते होय, बिस्किट. तसं काही नाही. सोडा शून्य आहे ना, मग दोन बिस्किटांनी काय होतंय."

"अरे, तूच मला सांगितलं होतंस ना, तुमच्या धंद्यात रिकामी गाडी कुणी परत नेत नाही म्हणून?"

"नाहीच नेत. डिझेल तर जळतंच. परतीला मिळेल ते भरतात."

ताईनं बाटलीवरच्या शून्यावर बोट ठेवलं. मग त्याचं त्यालाच कळलं. बाटलीकडं बघितलं, खणाकडं बघितलं, आणि मटकन स्टुलावर बसला.

"आठ गाड्या," तो म्हणाला. "रोज आठ गाड्या, ताई. प्रत्येकीत परतीचा माल भरतोय मी."

"एवढी भूक लागते?"

"भूक नसतेच गं." आणि मग जे बोलला ते मी त्याच्या तोंडून त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "तू यंत्रावर पडलेली असतेस, चार-चार तास. मी इथं. हाताला काहीतरी लागतं."

ताईनं खण ओढला, बिस्किटांचे पुडे, दाणे, सगळं आपल्या पिशवीत भरलं. मीही त्या खणातलं खायचो हे तिनं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं, "मामा, तुम्हीसुद्धा!" मी पेपर वर केला.

जाताना दारात वळून म्हणाली, "सोडा सोडू नकोस एकदम, वेडापिसा होशील. एक ठेव. पण एकटी ठेव. आणि पँटी मी आता उसवणार नाही. तुला त्यांच्यात यायचंय."

पुढचे सात आठवडे त्या केबिनमध्ये बसणं म्हणजे शिक्षा होती, सांगतो. जेवणानंतर एक बाटली, बाकी पाणी. आणि हात रिकामा! तो हात काय काय करायचा म्हणून सांगू. काचा पुसायचा. पेनांची टोपणं काढून लावायचा. गाडी नसली की तीन पायऱ्या उतरून फलाटाला फेरी, परत वर, परत खाली. उभ्या गाडीची चाकं मोजायचा. ड्रायव्हर म्हणायचे, "टनोबा, दहाच आहेत, कालही दहाच होती." पहिल्या आठवड्यात माझ्यावर दोनदा खेकसला, एकदा मी नुसता खोकलो म्हणून. मला वाटे, हा आज पळत जाऊन दुकान फोडणार. पण चालणं वाढलं, खण रिकामा राहिला, झोपही हळूहळू यायला लागली. ट्रकच्या काट्यावर मात्र पुन्हा चढला नाही. मी एकदा म्हटलं, बघ की जरा. तर म्हणाला, "तो मला लाडावतो."

ठरल्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात. ताईनं आवळलेली पँट अंगात, बटण लागलेलं. त्यानं चपला काढल्या, घड्याळ काढलं, पट्टा काढला, खिशातल्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. नर्सबाई म्हणाल्या, "चष्मा राहू द्या हो." चढला. पाय थरथरत होता, म्हणून आकडा ठरेचना. एकोणनव्वद, नव्वद, एकोणनव्वद. ताईनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. नर्सबाई म्हणाल्या, "श्वास घ्या आणि हलू नका." वीस वर्षं दुसऱ्यांना थांबवून मोजणारा माणूस, त्याला जन्मात पहिल्यांदा कुणी सांगितलं, हलू नका.

एकोणनव्वद किलो सातशे ग्रॅम.

डॉक्टर आले, कागद पाहिले, रक्तदाब पाहिला. "तीन आठवड्यांनी दाखल व्हा दोघंही. तोवर वर जायचं नाही." ताई खुर्चीवर बसली आणि आता मात्र रडली. हा तिच्यासमोर उभा, हातांचं काय करावं ते न कळून एकदा पाठीमागं, एकदा खिशात.

बाहेर आलो. दाराशी थंड बाटल्यांचं यंत्र होतं. ऊन मी म्हणत होतं. माझीही जीभ टाळ्याला चिकटलेली, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या धास्तीनं माझाही हात काहीतरी शोधत होता. शून्यवाल्या बाटलीकडं बोट करून मी विचारलं, "काय रे, घेऊ का एक? आणि बरोबर बिस्किटाचा पुडा?"

तो यंत्राकडं बघत राहिला, डावा पाय पुन्हा हलायला लागला होता. मग त्याच्या किल्ल्या धरलेल्या माझ्या हाताकडं बघून म्हणाला,

"बाटली घ्या मामा, एकच घ्या. पुडा नको. हाताची चुळबुळ होईल, ती होऊ द्या. तिचं वजन कुठल्याच काट्यावर येत नाही."