लाखेवरचा कावळा
लाख वितळल्याचा वास आला, की चिंचवडचं आमचं जुनं घर आठवतं. पिंपरीच्या नव्या कारखान्यातला मुलगा ताईला पाहायला आला होता, सोबत त्याचा इंग्रज साहेब. मुलगा ताईला आवडला, पण आडनाव कावळे! “मैत्रिणी काव काव करतील गं,” म्हणत ती आत रडायला लागली. बाहेर ते ऐकू आलं, तेव्हा मुलानंच आडनावाचा अर्थ साहेबाला हसत समजावला. “अरे, हमारा भी कव्वा!” साहेब ओरडला. बाबांकडून लाखेची कांडी मागून त्यानं ती कागदावर वितळवली आणि बोटातली घराण्याच्या मोहोरेची अंगठी तिच्यावर दाबली. लाखेत एक ढाल आणि तिच्यावर ऐटबाज कावळा उमटला! त्याच्या सरदार घराण्याच्या आडनावाचा अर्थही जुन्या फ्रेंचमध्ये कावळाच होता. ताई डोळे पुसत बाहेर आली, ठसा पाहून मुलाकडे बघत खुदकन हसली. अजूनही नाव सांगताना ती ‘कावळे’ जरा जोरातच म्हणते.