येईल हं, येईल

आमच्या वॉर्डात तिला थर्मामीटर सिस्टर म्हणायचे. अर्थात पाठीमागे. मी तिला ताई म्हणायचे, कारण ती माझ्याहून बरीच मोठी होती आणि मी नवखी असताना शीर कशी शोधायची ते तिनेच मला शिकवलं होतं. हे नाव कसं पडलं ते आधी सांगते, म्हणजे बाई कशी होती ते कळेल.

वॉर्ड आमचा लांबलेल्या आजारांचा. डॉक्टरांनी 'आता घरी न्या' म्हणावं आणि न्यायला कोणी नसावं, अशी निम्मी माणसं. दुपारची औषधं वाटून झाली की अशी माणसं प्रश्न विचारतात. सिस्टर, मी यातून उठेन का? सिस्टर, माझ्याच वाट्याला हे का आलं? मेल्यावर माणूस जातं कुठे हो? अशा वेळी कोणी 'डॉक्टरांना विचारा' म्हणून हात झटकायचं, कोणी 'असं अभद्र बोलू नये' म्हणून दटावायचं. मी सलाइनची नळी तपासायला वळायचे. ताईची युक्ती सगळ्यांत पक्की होती. प्रश्न ओठावर यायच्या आत ती थर्मामीटर तोंडात द्यायची. "जीभ खाली. बोलायचं नाही." मग मनगट धरून खिडकीबाहेर बघत नाडी मोजायची. थर्मामीटर बाहेर येईपर्यंत त्या माणसाची विचारायची उमेद संपलेली असायची. पुढे काखेत लावायचे नवे थर्मामीटर आले, तेव्हा तिने मेट्रनकडे तक्रार केली की हे काही कामाचे नाहीत, आणि जुना तोंडात धरायचा खिशातच ठेवला. मेट्रनला कारण कळेना. मला बरोबर कळलं.

ताई एकटी राहायची. हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्याला, लाँड्रीच्या वर एक खोली. खालच्या इस्त्र्यांनी फरशी दिवसभर कोमट असायची, म्हणून ती घरात अनवाणी फिरायची. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर धुतलेल्या कपड्यांचा ढीग. मी गेले की तो ढीग पलंगावर जायचा, मी निघाले की परत खुर्चीवर. लग्न का नाही केलंत, असं कोणी विचारलं की "राहून गेलं" म्हणायची, जसा एखादा दिवा मालवायचा राहून जावा. भाऊ होता, दूर. तो कधीमधी फोनवर 'बरी आहेस ना' विचारायचा, आणि ही उत्तर देईपर्यंत त्याच्याकडे कोणीतरी आलेलं असायचं. सणासुदीच्या ड्यूट्या आम्ही सगळ्याजणी हिच्या गळ्यात मारायचो आणि वर 'बिचारी' म्हणायचो. या शब्दाचा मला भारी राग आहे. एकदा का माणसाला बिचारी म्हटलं, की त्याच्यासाठी आणखी काही करावं लागत नाही.

तर या ताईच्या वॉर्डात कंडक्टरकाका आले. जन्मभर शहराच्या बसमध्ये तिकिटं फाडलेला माणूस. पोटाचा आजार हाताबाहेर गेलेला, पण जीभ शाबूत. राउंडला डॉक्टरांचा घोळका कॉटभोवती जमला की म्हणायचे, "पुढे सरका, पुढे सरका, मागे पॅसेंजर लटकलेत." उशाची बेल एकदा वाजली तर 'थांबा, काम आहे', दोनदा वाजली तर 'काही नको, गाडी जाऊ द्या', असं त्यांनी सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. आणि अधूनमधून, अगदी सहज विचारल्यासारखं करून, "सिस्टर, माझा स्टॉप आला का?" मग काय, थर्मामीटर.

भेटीची वेळ झाली की मात्र काका गप्प. उठून बसायचे आणि दाराकडे डोळे लावायचे. "माझी मुलगी येणार आहे," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वॉर्डातल्या मावशी त्या वेळेआधी त्यांचे केस विंचरून द्यायच्या. बाकीच्या कॉटभोवती पिशव्या, डबे, लहान मुलं यांची झुंबड, आणि काकांच्या कॉटशेजारचं स्टूल रिकामं. वेळ संपल्याची घंटा झाली की जाता येता जो तो म्हणायचा, "येईल हं, येईल." मावशी म्हणायच्या, डॉक्टर म्हणायचे, समोरच्या कॉटवरचा लकवा झालेला म्हातारासुद्धा वाकड्या तोंडाने म्हणायचा. मीही म्हणायचे. बोलायला किती सोपं आहे ते.

ताईने कुठून कुठून विचारून मुलीचा नंबर मिळवला आणि फोन लावला. मी ड्यूटी रूममध्ये सुया मोजत होते. ताई नुसतं 'हो', 'बरं' म्हणत होती. फोन ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"काय म्हणाली?"

"मला यायचं नाही म्हणाली. भांडली नाही, रडली नाही. म्हणाली, ते गेले तरी कळवू नका."

"का?"

"ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही."

"मग तूही सांगू नकोस. येईल म्हण आणि मोकळी हो."

ती वॉर्डात गेली. काकांनी विचारलंच, "लागला का फोन?" आणि ताईने थर्मामीटर काढला.

त्याच आठवड्यात वरून फर्मान निघालं, सगळ्या नर्सिंग स्टाफला प्रशिक्षण. विषय, रुग्णाची आध्यात्मिक काळजी. आमच्यात एकच हशा. मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुम्हाला डोळे मिटून बसवणार का गं? चांगलंय, तेवढीच झोप." नर्सिंग कॉलेजच्या ट्यूटर मॅडम आल्या. वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पायांत नवे करकरीत बूट. पडद्यावर चित्रं दाखवून म्हणाल्या की अध्यात्म म्हणजे देवधर्मच असं नाही. माणसाला आपण कोणाचे आहोत, कशासाठी जगलो, आपल्यामागे कोण, हे जे खुपत असतं, त्याची काळजी. त्याला तुमच्याकडून उत्तर नको असतं, फक्त तिथून पळू नका. आणि खोटा दिलासा देऊ नका.

मला राहवलं नाही. "आणि खरं सांगितल्यावर पेशंटने अन्नपाणी सोडलं, तर? तुम्ही येणार का त्याला भरवायला?"

मॅडम लाल झाल्या, पण बाई प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, "माहीत नाही. मी अजून कोणाला सांगितलेलं नाही."

मग नाटकाचा भाग. एकीने पेशंट व्हायचं, एकीने नर्स. ताई नेमकी पुढच्या बाकावर सापडली, तिला सरावाच्या कॉटवर झोपवलं. नर्स मी. पेशंटच्या मनातलं हळूच काढून घ्यायचं, असं मॅडमनी सांगितलेलं. मी आवाज मऊ करून विचारलं, "आजी, घरी तुमची कोण वाट बघतंय?"

ताई छताकडे बघत होती. मग म्हणाली, "कुलूप."

सगळ्या खो खो हसल्या. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, "वा, किती सहज अभिनय!" ताईही हसली, उठून साडी नीट केली. मी तिच्या इतकी जवळ होते की मला तिचे डोळे दिसत होते. मॅडमच्या नव्या बुटांसकट सगळ्यांना तिथून हाकलून द्यावंसं वाटलं मला.

परतताना जिन्यात ताई म्हणाली, "मी त्यांना सांगणार."

"वेडी आहेस का? त्या एका आशेवर माणूस उठून बसतोय. ती काढून घेतलीस तर उरलं काय त्यांच्याकडे?"

"रोज दाराकडे बघतात गं. आणि आपण सगळे बघत बसतो."

"खचतील ते."

"खचतील," ती म्हणाली. "मग मी बसेन तिथे."

दुसऱ्या दिवशी भेटीची वेळ संपली, माणसं पांगली. मी शेजारच्या कॉटवर ड्रेसिंग करत होते. करत कसली, कान तिकडेच होते. काका दाराकडून नजर काढून उशीवर टेकत होते. ताईचा हात सवयीने खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. तिने स्टूल पुढे ओढलं आणि बसली. इतक्या वर्षांत मी तिला पेशंटजवळ बसलेलं पाहिलं नव्हतं. बसल्यावर ती एकदम लहानखुरी दिसायला लागली.

"काका, मी तुमच्या मुलीशी बोलले होते."

"हं."

"ती येणार नाही."

मला वाटलं, आता संपलं. माझ्या हातातला चिमटा हलेना. काका बराच वेळ पांघरुणाची कड बोटांनी सरळ करत राहिले.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तिच्या जागी मी असतो तर मीही आलो नसतो. तिला माझी गरज होती तेव्हा मी घरीच नसायचो. ड्यूटी संपली तरी नसायचो."

"मग रोज दाराकडे..."

"तुमच्यासाठी! तुम्ही सगळे इतकं जीव तोडून येईल येईल म्हणता. मी दाराकडे पाठ करून झोपलो असतो, तर तुम्हाला किती वाईट वाटलं असतं? त्या मावशी तर केस विंचरून देतात हो!"

ताई आधी हसली, मग तिला रडू आलं, मग परत हसली. काकांनी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आता एक पंचाईत झाली पण. वाट बघायची इतकी सवय लागलीय, ती मोडायची कशी? तुमच्या घरी कोण असतं, सिस्टर?"

"कोणी नाही."

"मग असं करा, तुमची ड्यूटी केव्हा असते ते मला सांगून ठेवा. मी तुमचीच बघतो. नाहीतरी बसूनच असतो."

त्यानंतर ताईत जो फरक पडला तो आंधळ्यालाही दिसला असता. ड्यूटीला वेळेआधी यायची. खालून जिना चढताना केस सारखे करायची. काका दाराकडे डोळे लावून असायचेच, आणि ही दिसली की उशाची बेल एकदा वाजवायचे. उशीर झाला तर हातावरचं नसलेलं घड्याळ दाखवायचे. स्टूलवर बसून ती त्यांचं ऐकायची आणि, कधी नव्हे ते, स्वतःचंही सांगायची. लाँड्रीवाल्याशी झालेलं भांडण, भावाचा फोन, गुडघा. "माझा स्टॉप आला का?" असं त्यांनी विचारलं तर आता सरळ सांगायची, "जवळ आलाय, काका." ते म्हणायचे, "मग दारापाशी जाऊन उभं राहायला हवं." एकदा तिने मला विचारलं, "घरून निघताना पोटात असं हललं, तर त्याला काय म्हणतात गं?" मी म्हटलं, गुडघ्याच्या गोळ्यांनी होतं तसं. माझा स्वभावच असा.

काका तिच्या आठवड्याच्या सुटीच्या दिवशी गेले. माझी बदली तोवर ऑपरेशन थिएटरला झाली होती, त्यामुळे मलाही कळलं नाही. ताई सकाळी आली, तर काकांच्या कॉटवर कोणी दुसराच माणूस चहा पीत होता. ड्यूटीवरची नवी मुलगी म्हणाली, "ते ना, काल गेले, सिस्टर. शांतपणे गेले. कोण पुतण्या आला, सही करून घेऊन गेला."

"मला का नाही कळवलं?"

मुलगी गोंधळली. "नातेवाईकांना कळवलं ना."

तिचं काय चुकलं? नियम तसाच आहे. ताई मेट्रनकडे गेली आणि रजा मागितली. जन्मात पहिल्यांदा मागितली म्हणून मेट्रनही घाबरल्या. "कोण गेलं?" ताईने सांगितलं. मेट्रन वाईट नाहीत, पण म्हणाल्या, "अहो, पेशंट गेल्यावर आपण रजा घ्यायची म्हटलं तर हॉस्पिटलला टाळं लावावं लागेल." मग तब्येत बरी नाही असं दाखवून अर्ध्या दिवसाची रजा दिली. हे मला जेवणाच्या सुटीत मावशींकडून कळलं. थिएटरचे कपडे बदलायलाही न थांबता मी ताईच्या खोलीवर गेले. कुलूप.

शोधत परत आले, तर ती वॉर्डाबाहेरच होती. नातेवाईकांच्या बाकावर. आम्ही कोणी त्या बाकावर कधी बसत नाही, दिवसातून शंभरदा त्याच्यासमोरून नुसत्या पळतो. भेटीची वेळ जवळ आली होती आणि बाक भरला होता. युनिफॉर्म उतरवून ठेवलेला, साधी साडी, हात मांडीवर. अशी ती त्या गर्दीतलीच कोणी वाटत होती. शेजारी पिशवी कवटाळून एक बाई बसली होती. बाकावरची माणसं एकमेकांना विचारतात ते तिने विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"होते," ताई म्हणाली. "काल गेले."

"अगं बाई." त्या बाईने पिशवी खाली ठेवली. "कोण होते तुमचे?"

काय सांगणार? वडील नाहीत, भाऊ नाही, नवरा नाही, काकाही खरे नाहीत. मी दोन पावलांवर उभी होते. ताईने वॉर्डाच्या दाराकडे एकदा बघितलं.

"माझी वाट बघायचे," ती म्हणाली.