लाल दिवा आणि दाढीचा ब्रश

आमच्या शेजारचे भाऊ गाडी सुरू करण्याआधी तिला विचारतात, “निघू काय वं?” गाडीतली हवा चांगली असली की समोर हिरवा दिवा लागतो, वाईट असली की लाल. सोयाबीनच्या काढणीची धूळ उडायला लागल्यापासून तो लालच होता. “मेकॅनिक कायले पायजे?” म्हणत भाऊंनी हवेचा सेन्सर स्वतः काढला आणि दाढीच्या ब्रशने, बाळाचे कान पुसावेत तसा, साफ केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही जऊळक्याला लग्नाला निघालो. दिवा लाल. भाऊंनी गाडी बाजूला घेतली. “कोनामुळं होऊन राह्यलं, पाहू.” आधी मला उतरवलं, मग वहिनींना. त्यांच्या गजऱ्यावर भाऊंचा पक्का संशय होता. दिवा तरी लालच. शेवटी तंबाखूचा खर्रा गालात सरकवत भाऊ स्वतः उतरले आणि दार लावलं. आम्ही तिघं काचेतून बघत उभे. थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला.

“सेन्सर साफ मस्त झाला बरं,” भाऊ म्हणाले.

“थुका आता,” वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी खर्रा या गालातून त्या गालात घेतला. मग किल्ली माझ्या हातात दिली आणि मागून येणाऱ्या ऑटोला हात केला.

“गाडीले जपजा,” ते म्हणाले. “मी येतो मांगून.”